लष्कराच्या भाकऱ्या

प्रत्येक ऑफिसात असा एक तरी माणूस असतो बघा. प्रिंटर अडला, बोलवा त्याला. नवा मुलगा रुजू झाला, बसवा त्याच्या शेजारी. कोणाच्या सेंड-ऑफची वर्गणी गोळा करायची? तोच! यातलं काहीच त्याच्या नेमणुकीच्या पत्रात नसतं, पगारात तर नसतंच. घरी बायको म्हणत असते, "कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजता?"

गंमत म्हणजे व्यवस्थापनशास्त्रातही या माणसाला लष्करातलंच नाव मिळालंय. डेनिस ऑर्गन या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८८ साली अशा आपणहून केलेल्या मदतीवर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच 'गुड सोल्जर' आहे, म्हणजे गुणी शिपाई. अशा मदतीवर संस्था चालतात हे खरंच आहे. सगळ्यांनी फक्त नेमून दिलेलंच काम करायचं ठरवलं तर ऑफिस ठप्प होईल. 'नियमानुसार काम' हे आंदोलनाचं हत्यार आहे ते उगीच नाही!

दुसऱ्या टोकाला असतात खोटी बिलं, मुद्दाम केलेली दिरंगाई, सहकाऱ्यांचा पाणउतारा. आपला समज असा, की ही दोन वेगळी माणसं. एक गुणी, एक वाईट. पण रीशाद दलाल या संशोधकाने २००५ साली तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा या दोन वागण्यांमधला सहसंबंध निघाला उणे ०.३२. उणे १ आला असता तर एक जितकं जास्त तितकं दुसरं नेमकं कमी, असं म्हणता आलं असतं. उणे ०.३२ म्हणजे कल विरुद्ध दिशेला आहे, पण फार जोराचा नाही. दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदू शकतात.

मी काही वर्षं अकाउंट्समध्ये होते, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. तिथे एक गृहस्थ होते, सगळ्यांना हवेहवेसे. मार्चअखेरीला रात्री नऊ-नऊपर्यंत थांबून दुसऱ्या डिपार्टमेंटचं काम उरकून द्यायचे. आधी हौसेने. पुढे साहेबांनी ते गृहीतच धरलं. विचारणं बंद झालं, नुसती फाइल टेबलावर येऊन पडायची. त्याच सुमारास त्यांची रिक्षाची बिलं फुगायला लागली. मी विचारलं तर शांतपणे म्हणाले, "एवढं करतो मी या कंपनीसाठी, मॅडम." त्यांच्या लेखी हिशेब चुकता होत होता.

२०१७ साली याम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच मांडलं. मदत बाहेरच्या दबावामुळे करावी लागली, की माणसाच्या मनात 'आता माझा हक्क आहे' ही भावना बळावते, आणि तिच्या आडोशाने गैरवर्तन होतं.

याचा अर्थ मदत करणारे सगळे लबाड असतात असा मुळीच नाही. आणि खोटं बिल ते खोटंच, ते मी पास केलं नाही. पण माझं मत विचाराल तर अर्धी जबाबदारी फाइल टाकणाऱ्याची आहे. काम रोजचंच झालं असेल तर ते नेमणुकीत लिहा आणि त्याचे पैसे द्या. नसेल तर दर वेळी विचारा. आणि कृपा करून अप्रेझलमध्ये 'सहकार्यवृत्ती'चे गुण ठेवू नका! गुण ठेवले की मदत आपणहून उरत नाही, आणि नाही म्हणणारा उगाच नापास होतो.

कोणी म्हणेल, असं मोजूनमापून वागलं तर आपुलकी कुठे राहिली? मला तर उलट वाटतं. 'नाही' म्हणायची सोय असेल तिथेच 'हो'ला किंमत असते.

असो. तुमच्या ऑफिसातला तो माणूस एव्हाना तुम्हाला आठवला असेलच. पुढच्या वेळी त्याला "जमेल का?" असं विचारा, आणि "आज नाही जमणार" म्हणाला तर तोंड वाकडं करू नका. एवढंच.