किनारा आंध्रचा, कडपा आमच्या

पूर्व विदर्भातल्या आमच्या आमगावाहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी दिवाळीच्या सुमारास इथला शेतकरी बंगालच्या उपसागराच्या बातमीला कान लावून असतो. 28 ऑक्टोबर 2025 च्या रात्री ‘मोंथा’ चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्याला धडकलं. जमिनीवर आल्यावर वारा ओसरत गेला, पण ढग छत्तीसगड, पूर्व विदर्भाकडे सरकले; नेमके हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या धानाच्या कापणीत.

कापून बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पसरलेल्या कडपा पाण्यात भिजत पडल्या की लोंबीलाच कोंब फुटतात, दाणा काळवंडतो. मग व्यापारी मूठभर धान तळहातावर चोळतो, ‘पाखड’ म्हणतो आणि भाव पाडतो.

कोकणचा घाव वेगळा. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. नवं झाड फळायला कित्येक वर्षं जातात. आमचं धान निदान पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लावता येतं. (दुःखाची तुलना करू नये, पण होते.)

खरा राग विम्याचा. काढणीपश्चात नुकसानीचं संरक्षण राज्याने खरीप 2025 पासूनच पीकविम्यातून काढून टाकलं. त्या हंगामात मोठी भिस्त पीककापणी प्रयोगावर उरली. उभं पीक मोजून भिजलेल्या कडपांचं नुकसान कसं कळतं, हे कुणीतरी बांधीवर येऊन समजावून सांगावं.