जळालेल्या घराची घरपट्टी

घर जळाले म्हणजे छप्पर, धान्य, भांडीकुंडी आणि पेटीतील कागद सारेच जाते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील त्या घराची ओळ मात्र शाबूत राहते. त्या ओळीवरून पुढील वर्षाची घरपट्टी निघते, दिवाबत्ती कर व आरोग्य कर तिच्या मागोमाग येतात, आणि ज्या घरात आज कोणी राहू शकत नाही त्याचा कर ते घर गमावलेल्या माणसाकडेच मागितला जातो. रक्कम लहान असते म्हणून या प्रश्नाकडे मोठ्या वर्तमानपत्रांचे लक्ष जात नाही. परंतु खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना या लहान रकमेची ताकद ठाऊक आहे. घरपट्टी थकली की दाखला अडतो, दाखला अडला की मदतीचे प्रकरण अडते, आणि आगीतून वाचलेला माणूस टेबलांच्या रांगेत होरपळू लागतो.

नाशिकजवळचे एकलहरे हे गाव या प्रश्नाचा विचार करण्यास योग्य आहे. येथे १९७० च्या सुमारास औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. १४० मेगावॅटचे दोन संच प्रथम आले. १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच त्यांत भर घालून गेले. जुने दोन संच आता निवृत्त झाले आहेत. महाराष्ट्राला वीज देण्यासाठी या परिसराने जमीन दिली, गोदावरीचे पाणी दिले आणि राखही सोसली. गावाच्या एका अंगाला वसाहत व कारखाना, दुसऱ्या अंगाला शेती, आणि मधोमध जुने गावठाण, अशी ही रचना आहे. नाशिक शहर फुगत चालले तशी भोवतालच्या जमिनीची किंमत वाढत गेली; गावठाणातील मजुराची मिळकत मात्र त्या वेगाने वाढली नाही.

एकलहऱ्याभोवती वणवा पेटावा असे डोंगर नाहीत. त्याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या तालुक्यांत मात्र उन्हाळ्यात डोंगर पेटतात, आणि गवताने शाकारलेले कुडाचे घर ठिणगीला किती वेळ तोंड देऊ शकते हे सांगावयास नको. सपाटीवरच्या गावात आग दुसऱ्या वाटांनी येते: बांधावरचे वाळलेले गवत, उसाचे पाचट, चुलीतील निखारा, जुन्या वायरिंगमधील दोष किंवा वाऱ्याने एकमेकींवर आदळणाऱ्या तारा. आगीचे नाव वणवा असो की अपघात, राखेत उभ्या असलेल्या कुटुंबाची स्थिती एकच असते. म्हणून करमाफीचा विचारही आगीच्या कारणावर नव्हे, तर तिच्या परिणामावर आधारलेला असावयास हवा.

यातही वडिलोपार्जित घराची कहाणी अधिक बिकट आहे. गावठाणातील बहुसंख्य जुन्या घरांना सिटी सर्व्हेची पत्रिका कधी नव्हतीच. आजोबांचे नाव नमुना ८ ला लागले, त्यांच्यामागे मुले तेथेच राहिली, भिंत घालून दोन चुली झाल्या, तरी कागदावर आजोबाच मालक राहिले. घर उभे आहे तोवर याची अडचण कोणाला भासत नाही. आजोबांच्या नावाची पावती नातू मुकाट्याने फाडून घेतो. आग लागल्यावर मात्र सरकार विचारते, घर कोणाचे? कर घेताना वारस म्हणून जो चालला, तो मदत देताना चालत नाही. त्यात विधवा सून, माहेरी परतलेली मुलगी, शहरात गेलेला भाऊ यांच्या संमतीचा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला. परंतु तो हक्क गावच्या नोंदवहीत उतरलेला फारच क्वचित दिसतो. २०२० च्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले. पण मोजणीने भिंती कोठे आहेत ते कळते. भिंतींच्या आत कोणाचा हक्क आहे हे वारस नोंदीनेच ठरते.

आता कायद्याकडे पाहू. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ ने पंचायतीला इमारतींवर कर बसविण्याचा अधिकार दिला, आणि १९६० च्या नियमांनी त्याची रीत ठरविली. २०१५ च्या अखेरीस त्या नियमांत बदल होऊन आकारणी भांडवली मूल्यावर आली. जमिनीचा रेडीरेकनरमधील दर, बांधकामाचा दर, इमारतीच्या वयानुसार घसारा आणि वापराचा भार यांतून घराचे मूल्य काढावयाचे आणि त्यावर कर लावावयाचा, अशी ही पद्धत आहे. वरवर ती शास्त्रशुद्ध दिसते. परंतु जळालेल्या घराला ती लावून पाहिली की तिच्यातील अन्याय उघडा पडतो.

पहिला अन्याय असा की, आकारणीची सर्वसाधारण फेरतपासणी चार वर्षांतून एकदा होते. मध्यंतरी घर गेले तर नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी घरमालकाने खेटे घालावयाचे. ही वाट विनवणीची आहे, हक्काची नव्हे. दुसरा अन्याय त्याहून खोल आहे. साठ वर्षांच्या मातीच्या घराला घसारा जास्त आणि बांधकामाच्या प्रकारामुळे दरही कमी. तेच घर जळाल्यावर कुटुंबाने कर्ज काढून त्याच जागेवर, तेवढ्याच आकाराचे सिमेंटचे घर बांधले, तर घसारा जातो आणि दर वरच्या पायरीवर चढतो. कुटुंब पूर्वीपेक्षा गरीब झालेले असते. नोंदवहीच्या दृष्टीने मात्र ते श्रीमंत झालेले असते. आगीने एकदा लुटले आणि पुनर्बांधणीवरील कराने दुसऱ्यांदा, असा हा हिशेब आहे.

शेतसाऱ्याच्या बाबतीत राज्याने वेगळे तत्त्व केव्हाच मान्य केलेले आहे. पीक बुडाले तर सारा तहकूब करावा किंवा माफ करावा, ही परंपरा जुनी आहे. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात शेतकऱ्यांनी काही नवीन सवलत मागितली नव्हती. पीक चार आण्यांहून कमी आल्यास सारा तहकूब करण्याचा सरकारचाच नियम सरकारने पाळावा, एवढीच त्यांची मागणी होती. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही नैसर्गिक आपत्तीत महसूल कमी, तहकूब वा माफ करण्याची तरतूद आहे. जमीन पिकली नाही तर तिच्यावर कर नको, हे ज्या राज्याला समजते, त्याला घर निवारा देईनासे झाले तर त्याच्यावर कर नको, एवढे समजण्यास अडचण का यावी? अडचण बुद्धीची नाही. शेतसाऱ्यामागे आंदोलनांचा इतिहास आहे, घरपट्टीमागे तो नाही, एवढाच फरक आहे.

मदतीचे निकष काय सांगतात? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत आगीचा समावेश आहे. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेल्या दरांनुसार पूर्ण नष्ट झालेल्या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार व डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये, आणि अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्या घराला ४,००० रुपये. झोपडीला ८,००० रुपये. या रकमांत घर उभे राहत नाही, हे उघड आहे. परंतु ध्यानात घेण्याजोगी अट निराळीच आहे: घराचे बांधकाम अधिकृत असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले असले पाहिजे. ज्या घराचा कर पंचायतीने तीन पिढ्या घेतला, त्याच्या अधिकृतपणाची शंका राखेच्या ढिगाशेजारी उभे राहून घेतली जाते. कर घेताना घर अधिकृत आणि मदत देताना संशयास्पद, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

या संदर्भात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे आपत्तीत दहा हजार डॉलर्सहून अधिक नुकसान झालेल्या मिळकतीच्या मालकाने बारा महिन्यांच्या आत अर्ज केला की मूल्यांकन खाली आणले जाते, आणि घर पूर्वीसारखेच पुन्हा बांधले तर कराचा जुना पाया कायम राहतो. भांडवलशाहीच्या माहेरघरातही जळालेल्या घराला ही सवलत मिळते. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात दोन मोठ्या वणव्यांनी सोळा हजारांहून अधिक बांधकामे नष्ट केली. त्यांतील अल्टाडीना या वस्तीत अशी अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे होती, ज्यांच्या पूर्वजांना वर्णभेदामुळे अन्यत्र घर घेणे दुरापास्त होते. त्यांच्यासाठी आईवडिलांचे घर हीच काय ती साठवलेली पुंजी.

तथापि त्याच राज्याचा इतिहास दुसराही धडा शिकवितो. १९७८ मध्ये जनमताने तेथे मिळकत कराला वेसण घातली गेली. मूल्यांकनातील वाढ वर्षाला दोन टक्क्यांहून पुढे जाऊ द्यावयाची नाही, असे ठरले. १९८६ मध्ये ही सवलत आईवडिलांकडून मुलांकडे वारशाने जाऊ लागली. परिणामी समुद्रकिनाऱ्यावरचे बंगले वारशाने मिळवून ते भाड्याने देणारेही जुन्या कवडीमोल दराने कर भरू लागले, आणि नव्याने घर घेणाऱ्या कष्टकऱ्यावर त्याच रस्त्यावर कित्येक पट बोजा पडला. २०२० च्या दुरुस्तीने यावर मर्यादा घातली: वारसाने एक वर्षाच्या आत त्या घरात स्वतः राहावयास गेले पाहिजे. तत्त्व योग्यच होते. पण घरच जळून गेले असेल तर वर्षाच्या आत राहावयास जावयाचे कोठे? चांगल्या तत्त्वालाही आपत्तीचा अपवाद लिहून ठेवावा लागतो, तो असा.

यावरून समाजवादी दृष्टीची भूमिका स्पष्ट होते. सवलत राहणाऱ्याला हवी. केवळ मालकी सांगणाऱ्याला नव्हे. वारसा हा स्वतःच पुण्यसंचय नाही. ज्याचे छप्पर त्या एकाच घरावर अवलंबून आहे त्याला माफी मिळावी. गावठाणातील जुना वाडा पाडून गाळे काढण्याची वाट पाहणाऱ्या धनिकाने आगीचा आधार घेऊन कर चुकवू नये. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ मध्ये माफ झाला. उभ्या घराला माफी देण्याइतके औदार्य महानगरात दाखविता येते, तर खेड्यातील जळालेल्या घराविषयी मौन का?

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो प्रामाणिक आहे. घरपट्टी हे पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न आहे; ती माफ केली तर दिवे व पाणी कशातून चालवावयाचे? मोठा कारखाना असलेल्या पंचायतीला कलम १२५ अन्वये करांऐवजी कारखान्याकडून ठोक रक्कम घेण्याचा मार्ग तरी असतो. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांना तोही नाही. म्हणूनच माफीचा भार पंचायतीवर टाकणे अन्यायाचे होईल. शेतसाऱ्याची सूट राज्य सोसते, तशीच जळालेल्या घरांच्या घरपट्टीची भरपाई राज्याने पंचायतीला करावी. पंचायतीला अधिकार द्यावयाचे आणि त्यांची किंमत तिच्याच गरिबांकडून वसूल करावयाची, याला विकेंद्रीकरण म्हणत नाहीत.

आग जर विजेच्या तारेने लागली असेल तर जबाबदारीचा प्रश्न आणखी पुढे जातो. मंडळाचे विभाजन २००५ मध्ये झाल्यापासून वीज निर्माण करणारी कंपनी वेगळी आणि तारा सांभाळणारी वेगळी आहे. गावकऱ्याला मात्र दोघींच्या दारांत उभे राहावे लागते. विजेचा व्यवसाय मुळातच धोक्याचा असल्याने निष्काळजीपणा सिद्ध न होताही पुरवठादारावर जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने तारेच्या धक्क्याने झालेल्या मृत्यूच्या प्रकरणात २००२ मध्ये सांगितले आहे. कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव २०१८ मध्ये पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या तारांमुळे लागलेल्या वणव्यात बेचिराख झाले, ८५ माणसे मेली, आणि २०२० मध्ये कंपनीला ८४ मृत्यूंबाबत न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला. वीज केंद्राच्या छायेत राहणाऱ्या गावाने हे उदाहरण विसरू नये.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. पंचनामा झाला की त्या दिवसापासून इमारतीवरील कर अर्जाविना थांबावा, आणि घर पुन्हा राहण्याजोगे होईपर्यंत थांबलेलाच राहावा. तेवढ्याच क्षेत्राचे घर त्याच जागी बांधले तर निदान दहा वर्षे जुन्याच रकमेने आकारणी व्हावी. थकबाकीच्या कारणाने आपद्‌ग्रस्ताचा कोणताही दाखला अडवू नये. मृताच्या नावावरील घरात राहणाऱ्या वारसाला, वारस नोंद पूर्ण होण्याची वाट न पाहता, ग्रामसभेच्या साक्षीने मदत मिळावी. त्यात विधवेचा व मुलींचा हक्क प्रथम लिहिला जावा. आणि पंचायतीचे बुडालेले उत्पन्न राज्याने भरून द्यावे.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांनी हात बांधून बसावे असे नाही. उन्हाळा येण्यापूर्वी प्रत्येक गावात नमुना ८ चे वाचन ग्रामसभेत करून घ्यावे. मृतांची नावे किती आहेत ते मोजावे, वारसांचे अर्ज एकत्र भरून द्यावेत, आणि मिळकत पत्रिकेची व करपावतीची एक प्रत घराबाहेर, नातलगाकडे ठेवावयास सांगावे. हे काम मोर्च्याइतके दिसणारे नाही. परंतु आगीच्या दुसऱ्या दिवशी तलाठी, ज्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वही उघडून बसेल, तेव्हा त्या वहीत जिवंत माणसाचे नाव असणे यावरच त्या कुटुंबाचे पुढचे छप्पर अवलंबून असेल.