नोटिशीला मुदत, तक्रारीला नाही

सुरत महापालिकेच्या उत्तर विभागात मोडणारे कतारगाम हे हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारागिरांचे आणि कापड उद्योगातील कामगारांचे उपनगर. अशा कामगारवस्त्यांत सार्वजनिक संस्थेने बांधलेले घर हीच अनेकांची आयुष्याची मिळकत असते. त्या घराचे छत गळू लागले तर दाद कोठे मागायची आणि घर रिकामे करण्याची नोटीस आली तर बाजू कोणापुढे मांडायची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. व्यवस्थेने त्यांची उत्तरेही अगदी असमान दिली आहेत.

पहिले उत्तर प्रशासकीय आहे. गुजरातेत २००३ पासून ‘स्वागत’ या तक्रार निवारण कार्यक्रमाची सोय आहे. महाराष्ट्रात लोकशाही दिन भरतो. येथे तक्रार ऐकली जाते, संबंधित खात्याकडे पाठवली जाते. परंतु तेथे न्यायनिवाडा होत नाही. दुसरे उत्तर कायद्याचे आहे. सार्वजनिक जागांवरील अनधिकृत ताबेदारांना हटवण्याचा गुजरातचा कायदा १९७२ चा. त्यानुसार सक्षम अधिकारी कारणे दाखवा नोटीस काढतो, म्हणणे ऐकतो आणि आदेश देतो. त्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करता येते.

म्हणजे संस्थेच्या मागणीला कायद्याची धार आहे. रहिवाशाच्या मागणीला केवळ अर्जाचा आधार. गळतीमुळे भाडे वा देखभाल शुल्क थकवणारा रहिवासी सुनावणीला उभा राहतो, तेव्हा समोर थकबाकीचा हिशेब असतो. त्याने आधी केलेल्या अर्जांची नोंद मात्र दुसऱ्याच दप्तरात पडून असते. शिवाय निर्णय देणारा अधिकारी प्रशासनातलाच असल्याने निःपक्षपाताविषयी शंका उरते.

ही शंका निराधार नाही, हे मुंबईतील ताज्या प्रकरणाने दाखवले. जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी म्हाडा कायद्याच्या कलम ७९-अ खाली ९३५ नोटिसा काढण्यात आल्या. त्यांवर कार्यकारी अभियंत्यांच्या सह्या होत्या. इमारत धोकादायक ठरवण्याचा अधिकार त्यांना आहे काय, हाच वादाचा मुद्दा ठरला. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या नोटिसांना स्थगिती देऊन निवृत्त न्यायमूर्ती जे. पी. देवधर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पुनर्विकासाची निकड खरी असली, तरी ती अधिकाराची जागा घेऊ शकत नाही, हा त्याचा अर्थ.

तत्त्व नवे नाही. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्याचा संबंध उपजीविकेशी आणि पर्यायाने जीविताच्या हक्काशी जोडला. भाडे नियंत्रण कायद्यातून सूट मिळालेल्या सार्वजनिक घरमालकाने खाजगी मालकासारखे मनमानी वागू नये, असे १९८९ च्या द्वारकादास मर्फतिया निकालाने बजावले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाडकामांविषयी निर्देश देताना त्याच न्यायालयाने किमान १५ दिवसांची नोटीस, व्यक्तिशः सुनावणी, तिचे इतिवृत्त आणि सकारण आदेश बंधनकारक केले. सार्वजनिक जागेवरील अतिक्रमणांना ते निर्देश लागू नाहीत. तरीही सुनावणी कशी असावी याचा मापदंड त्यांत आहे.

गोव्यालाही हा विषय परका नाही. गृहनिर्माण मंडळाचा कायदा येथे १९६८ पासून आहे आणि सार्वजनिक जागा रिकाम्या करून घेण्याचा १९८८ पासून. राज्य लहान असल्याने अधिकारी व रहिवासी यांतील अंतर कमी आहे. परंतु ओळखीने सुटलेली तक्रार हा हक्क नसतो, ती मेहेरबानी असते.

उपाय खर्चिक नाहीत. दुरुस्तीच्या तक्रारीला कायद्याने मुदत असावी. ती न पाळल्यास अपिलाची वाट असावी. निष्कासनाच्या सुनावणीत रहिवाशाच्या जुन्या तक्रारींची नोंद आपोआप जोडली जावी. सुनावणी घेणारा अधिकारी त्या संस्थेच्या अखत्यारीबाहेरचा असावा आणि आदेश रहिवाशाला समजेल अशा भाषेत मिळावा. सुरतेत मराठी, ओडिया, हिंदी बोलणारे कामगार लाखांनी राहतात. त्यांच्यापैकी ज्याला नोटीस वाचताच येत नाही, त्याच्यासाठी सुनावणीची तारीख कागदावर असून नसल्यासारखीच.