पाऊल खेळता खेळता

"व्यायाम करा, वजन उतरवा" हे वाक्य साठी उलटलेल्या माणसाला दवाखान्यात ऐकावे लागते, घरात ऐकावे लागते आणि लग्नकार्यात भेटलेल्या दूरच्या नातेवाइकांकडूनही ऐकावे लागते. कोणता व्यायाम, किती वेळ, कोणाच्या सोबतीने, आणि तो करताना कंटाळा आला तर काय करायचे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. म्हणून आजचा हा लेख त्या कंटाळ्याविषयी.

आरंभ घरातूनच करते. आमच्या सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे वजन बहात्तर किलो होते आणि दोन्ही गुडघे बोलू लागले होते. गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर जायचे, पाण्यात पाय बुडवायचे आणि मग जनाबाईंच्या मंदिरात दर्शन घ्यायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. पण लागोपाठ दोन वर्षे त्या घाटाच्या माथ्यावर गाडीतच बसून राहिल्या. आम्ही तांब्यात पाणी आणून त्यांच्या हातावर घातले. त्या काही बोलल्या नाहीत. परतताना मात्र परभणी येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

डॉक्टरांनी सांगितले, "थोडे वजन उतरले तरी गुडघ्यांना आराम पडेल." आम्ही उत्साहाने व्यायामाची सायकल घरी आणली. ती नऊ दिवस चालली. दहाव्या दिवसापासून तिच्यावर ओले टॉवेल वाळू लागले. मी रोज आठवण करून देई, त्या रोज "उद्या बघू गं" म्हणत. माझ्या आठवणीचे टोमण्यात कधी रूपांतर झाले, हे माझ्याही ध्यानात आले नाही.

मग एके दिवशी दिवेलागणीला शेजारच्या घरातून हरिपाठाचे सूर येत होते. स्वयंपाकघराच्या दारातून मी पाहिले, तर सासूबाई खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या आणि टाळाच्या ठेक्यावर पाऊल खेळत होत्या: दोन पावले पुढे, दोन मागे. मला पाहताच त्या ओशाळल्या आणि खाली बसल्या. व्यायामाचा विषय निघूनही त्या संध्याकाळी मी गप्प राहिले, असे पहिल्यांदाच घडले. दुसऱ्या दिवशी ती खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, पायाखालची सतरंजी गुंडाळली आणि शेजारच्या दोघी काकूंना आमच्याकडेच हरिपाठाला बोलावले.

गोडी आधी, घाम नंतर

आषाढी वारीसाठी शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी आपल्या परभणी, गंगाखेडवरून पंढरपूरला जाते. तिच्यातील कित्येक वारकरी वयाने आपल्या आजीआजोबांएवढे असतात. त्यांना "रोज इतके चाला" असा कागद कोणी लिहून दिलेला नसतो. सोबत असते, टाळमृदंगाचा ठेका असतो, ठरावीक अंतरावर विसावा असतो आणि उद्याही चालायचे आहे ही ओढ असते. घरच्या व्यायामातही याच चार गोष्टी हव्यात. त्या नसतील, तर महागडे यंत्रही टॉवेल वाळवण्यापुरते उरते.

ज्यांना हरिपाठात गोडी नाही, त्यांनी जुनी चित्रपटगीते लावावीत, कोणी कव्वाली लावावी, कोणी रेडिओवरच्या गप्पा ऐकत अंगणात फिरावे. ज्याला बागेची आवड आहे त्याने कुंड्यांना पाणी घालत फेऱ्या माराव्यात. शरीराला गाण्याचा धर्म कळत नाही, ठेका कळतो.

दहा हजार पावलांची धास्तीही मनातून काढून टाकावी. हा आकडा कोणत्याही वैद्यकीय नियमातून आलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून तो रूढ झाला. पुढे 2019 मध्ये अमेरिकेत सरासरी बहात्तर वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा 4,400 पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि साधारण 7,500 पावलांनंतर त्यात फारशी भर पडली नाही. अगदी थोडे चालणाऱ्याने आणखी थोडे चालावे, यातही मोठा लाभ आहे.

वजनाचा प्रामाणिक हिशेब

सत्तर किलो वजनाच्या माणसाने अर्धा तास बेताच्या गतीने चालावे, तर साधारण शंभर उष्मांक खर्च होतात. एक किलो चरबी उतरायला सुमारे 7,700 उष्मांकांची तूट लागते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास केवळ चालून एक किलो उतरवायला साडेतीन महिने लागतील. हे ऐकून निराश होऊ नये. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, अशी सवय असेल, तर ती साखर निम्मी करावी. रोजचे ऐंशी उष्मांक वाचतात. चालणे आणि ही निम्मी साखर मिळून सुमारे सात आठवड्यांत एक किलो उतरू शकतो. शरीर कागदावरच्या गणिताप्रमाणे तंतोतंत वागत नाही, पण दिशा कळते.

आणि थोडक्याचेही मोल मोठे आहे. गुडघेदुखीच्या रुग्णांच्या अभ्यासात असे आढळले, की शरीराचे एक किलो वजन उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

एक सावधगिरी ज्येष्ठांनी अवश्य पाळावी. उपास करून झटपट वजन उतरवू नये. या वयात चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि स्नायू झिजले की तोल जातो. म्हणून भाकरीसोबत वरण, पिठले, मटकी किंवा दही प्रत्येक जेवणात असावे. आपल्याच कृषी विद्यापीठाने 'परभणी शक्ती' हे लोह आणि जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण दिले आहे; भाकरीला कमी लेखण्याचे कारण नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डाळींचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

चार आठवड्यांचा क्रम

*पहिला आठवडा.* रोज दहा मिनिटे, हवे तर सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीची पाठ धरून जागच्या जागी पावले टाकावीत. मग ठेक्यावर दोन पावले पुढे, दोन मागे. पायांत घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणे असावीत. देवघरासमोर अनवाणीच राहायचे असेल, तर फरशी कोरडी असावी. नुसते मोजे घालून फरशीवर पाऊल खेळू नये.

*दुसरा आठवडा.* पंधरा मिनिटे. यात 'उठबस' मिळवावी: खुर्चीवर बसावे, हातांचा आधार शक्य तितका कमी घेऊन उठावे, पुन्हा सावकाश बसावे. आरंभी पाच वेळा पुरे. शौचालयातून उठणे, बसमध्ये चढणे, घाटाची पायरी चढणे, या सगळ्यांची ताकद याच एका व्यायामात आहे. हा दिवसाआड करावा.

*तिसरा आठवडा.* वीस मिनिटे. खुर्ची धरून टाचा उचलाव्यात आणि हळूहळू टेकवाव्यात, दहा वेळा. मग एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्या पावलाची टाच लावून दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहावे. हा तोलाचा सराव आहे. शेजारी कोणी असताना करावा.

*चौथा आठवडा.* पंचवीस ते तीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. हरिपाठाला साधारण तेवढाच वेळ लागतो. पाचही दिवस पूर्ण तीस मिनिटे पाऊल चालले, तर जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली आठवड्याची दीडशे मिनिटे भरतात.

गती किती असावी, याची खूण सोपी आहे. व्यायाम करताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. सासूबाईंनी यावर विचारले, "मग हरिपाठ म्हणायचा कसा?" त्यांची शंका रास्त होती. आम्ही तोड काढली: एक अभंग पाऊल खेळत केवळ ऐकायचा, पुढचा बसून म्हणायचा. विसावाही आपोआप मिळाला.

आपल्या ऋतूंप्रमाणे

परभणीचा उन्हाळा चाळिशीच्या पुढे जातो. तेव्हा फिरायचे ते उजाडताच, पाणी पिऊन. ऊन चढल्यावर सगळे घरात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला धरतो आणि पाय घसरतो. त्या दिवसांत ओसरी किंवा दिवाणखाना बरा. हिवाळ्यात आपल्याकडची पहाट फार बोचरी असते. हृदयविकार, रक्तदाब किंवा दमा असलेल्यांनी कोवळे ऊन पडल्यावरच बाहेर पडावे आणि कान, छाती झाकलेली ठेवावी.

केव्हा थांबावे

छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात दुखणे, अचानक धाप, गरगरणे, थंड घाम, यांपैकी काहीही झाले तर तत्काळ बसावे आणि दवाखाना गाठावा. "गॅस झाला असेल" म्हणून वाट पाहू नये. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर उपाशीपोटी व्यायाम करू नये आणि जवळ साखर ठेवावी. हृदयाचा आजार, नुकतीच शस्त्रक्रिया, वारंवार पडणे असा पूर्वेतिहास असेल, तर पहिले पाऊल डॉक्टरांना विचारून टाकावे. काही न करताच वजन उतरत असेल, तर त्याचा आनंद मानू नये. तपासणी करून घ्यावी.

घरच्यांसाठी दोन शब्द

मी केलेली चूक आपण करू नये. "आज केला का व्यायाम?" असे विचारण्यापेक्षा "चला, मीही येते" असे म्हणावे. वजनकाटा पंधरा दिवसांतून एकदाच बाहेर काढावा. त्यापेक्षा वेगळ्या खुणा पाहाव्यात: उठताना हात कमी टेकावा लागतो का, झोप लागते का, माणूस स्वतःहून दारापर्यंत येतो का. एखादा दिवस चुकला, तर तो चुकला; दुसऱ्या दिवशी हिशेब मागू नये.

सहा महिन्यांत सासूबाईंचे तीन किलो उतरले. गुडघे अजूनही दुखतात, थंडीत अधिक दुखतात. हे लपवण्यात अर्थ नाही. पण गेल्या खेपेस गंगाखेडला गाडी थांबली, तेव्हा त्यांनी स्वतःच दार उघडले. एका हाताने माझा खांदा धरला, दुसऱ्या हातात काठी घेतली आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या खाली उतरल्या. मध्ये तीनदा थांबल्या. शेवटच्या दोन पायऱ्या ओल्या होत्या, तिथे मी नको म्हटले आणि त्यांनी ऐकले. तिथेच बसून म्हणाल्या, "आता तांब्या मीच भरते. तू फक्त धरून ठेव."

वाचकहो, आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणत्या पायरीपर्यंत जायचे आहे, हे एकदा त्यांनाच विचारावे. व्यायामाचा आरंभ तिथून करावा.