विनोदकार आणि त्याची जागा

२०२५ च्या मार्चमध्ये मुंबईतील खार येथे एका छोट्या रंगमंचाची मोडतोड झाली. कुणाल कामरा यांनी तेथे चित्रित केलेल्या कार्यक्रमातील विडंबन उपमुख्यमंत्र्यांच्या अनुयायांना झोंबले, आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेलाही त्या जागेतील बेकायदा बांधकामाचा साक्षात्कार झाला. विनोद करणारा त्या वेळी शहराबाहेर होता. मार खाल्ला तो जागेने. या प्रकरणावर अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले. परंतु विनोदकाराला गप्प करायचे असेल तर त्याला हात लावण्याची गरज नसते, त्याला आसरा देणाऱ्याला धाक घातला की पुरे, या त्यातील व्यावहारिक धड्याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

या दृष्टीने पु. ल. देशपांडे यांच्या कारकिर्दीकडे पुन्हा पाहण्यासारखे आहे. चित्रपट, नभोवाणी, दूरचित्रवाणी, रंगभूमी आणि ग्रंथ या साऱ्या माध्यमांतून संचार केलेला दुसरा मराठी विनोदकार शोधून सापडणार नाही. त्यांच्या अष्टपैलुत्वाचे कौतुक इतके झाले आहे की, या प्रवासाला एक निश्चित दिशा होती हे त्यात झाकून गेले. भांडवल दुसऱ्याचे आणि हुकूमही दुसऱ्याचा, अशा माध्यमांकडून ते हळूहळू स्वतःच्या मालकीच्या माध्यमांकडे सरकत गेले.

प्रारंभ चित्रपटाने झाला. ‘वंदे मातरम्’, ‘पुढचं पाऊल’ यांतील भूमिकांनंतर १९५३ साली ‘गुळाचा गणपती’ आला. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका असे सर्व काही त्यांचेच होते. एवढे हाती असूनही त्या धंद्यात ते रमले नाहीत. चित्रपटाच्या व्यवसायात लेखकाचा शब्द कितीही चटकदार असो, अखेरचा शब्द पैसे घालणाऱ्याचा असतो.

पुढे आकाशवाणीची नोकरी आणि तेथून दिल्ली. १५ सप्टेंबर १९५९ रोजी देशात दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या निर्मात्यांत ते होते, बी.बी.सी.त शिकून आले होते आणि खुद्द पंडित नेहरूंची मुलाखत त्यांनी पडद्यावर घेतली. सरकारी खात्यात मानाने राहून निवृत्तिवेतनाची वाट पाहणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी नोकरी सोडली.

त्यानंतरचा अध्याय खरा महत्त्वाचा. ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ चे. त्याचाच एकपात्री प्रयोग त्यांनी रंगमंचावर आणला आणि मराठी नाट्यव्यवसायाचे गणितच बदलले. एक नट आणि समोर तिकीट काढून बसलेला प्रेक्षक, यापलीकडे त्या प्रयोगाला फारसे काही लागत नव्हते. निर्मात्याची मर्जी नाही, नटसंचाचे रुसवेफुगवे नाहीत. हिशेब आणि शिस्त सुनीताबाईंच्या हाती होती, आणि ती किती कडक होती याच्या आख्यायिका अजून सांगितल्या जातात. अर्थात नाटकाची संहिता आधी सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडे धाडण्याची महाराष्ट्रातील रीत पाहता, रंगभूमी पूर्णतः मोकळी होती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि रात्रीचा गल्ला थेट प्रेक्षकाकडून येत होता. त्यातून जे उभे राहिले त्याचा मोठा वाटा प्रतिष्ठानामार्फत समाजकार्याला गेला. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राला त्याचा आधार मिळाला.

पु. लं.चा विनोद सत्तेला बोचकारणारा नव्हता, तो मध्यमवर्गाला गुदगुल्या करणारा होता, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. चाळीतील बिऱ्हाडकरूंवर त्यांनी जितके प्रेमाने लिहिले, तितके रागाने मंत्र्यांवर लिहिले नाही. ‘खिल्ली’सारखा संग्रह अपवादच. परंतु हा आक्षेप घेणारे आणीबाणी विसरतात. १९७७ च्या निवडणुकीत हा लोकप्रिय माणूस जाहीर सभांतून सत्ताधाऱ्यांविरुद्ध बोलला, आणि जनता पक्ष विजयी झाल्यावर कोणत्याही पदाच्या रांगेत उभा न राहता लेखनाकडे परतला. तोवर त्यांचे पोट कोणत्याही खात्यावर वा निर्मात्यावर अवलंबून राहिले नव्हते. सभेत बोलण्याचे धैर्य त्यांचे स्वतःचेच, पण त्याची किंमत चुकवण्याची ऐपत त्यांना पुस्तकांनी आणि प्रयोगांनी दिली होती.

आजच्या विनोदकाराला श्रोता लाखोंनी मिळतो, पण मंच दुसऱ्याचा, पडदा परदेशी कंपनीचा आणि जाहिरातदार तिसराच. एका तक्रारीने चित्रफीत उतरते. पुस्तक लिहावे तर ते वाचणार कोण, ही त्याची शंकाही निराधार नाही.

१९९२ साली, जवळजवळ चार दशकांनी, पु. लं.नी पुन्हा चित्रपटासाठी लेखन केले. जब्बार पटेल यांच्या ‘एक होता विदूषक’मध्ये तमाशातील सोंगाड्या चित्रपटात नाव काढतो आणि तेथून राजकारण्यांच्या हाती जातो. हा विषय त्यांनी हाती घ्यावा, हा योगायोग मानणे कठीण आहे.

चार वर्षांनी युती शासनाने त्यांना पहिला ‘महाराष्ट्र भूषण’ दिला. तो स्वीकारताना सत्ताधाऱ्यांच्या तोंडच्या ठोकशाहीच्या भाषेबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला, आणि शिवसेनाप्रमुख जाहीरपणे त्यांच्यावर तुटून पडले. भाषा जहाल होती. पण सत्त्याहत्तर वर्षांच्या त्या लेखकाजवळ पुस्तकांखेरीज मोडतोड करण्याजोगे काही नव्हते, आणि ती घरोघर पोचली होती.