बंडीचं चौथं चाक



गौलीगुड्याच्या एखाद्या खोदलेल्या गल्लीतून केळ्यांची बंडी जाताना नीट बघा. पुढचं एक चाक खड्ड्यात उतरलं की त्याच्या तिरक्या कोपऱ्यातलं मागचं चाक उचललं जातं. बंडी कलते, फण्या घसरतात आणि येणारे-जाणारे दोघे-तिघे हात लावतात. घरातल्या शहाबादी फरशीवर चार पायांचं स्टूल असंच डुगडुगतं. तिवई मात्र डुगडुगत नाही. तीन पाय उंचसखल जागेवरही एकाच वेळी टेकतात, भांडण सुरू होतं ते चौथ्यामुळे. आपली बैलगाडीही तीन टेकूंवरच चालते: दोन चाकं आणि बैलांच्या खांद्यावरचं जू.

मग 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रावर पोचलेल्या आपल्या 26 किलोच्या ‘प्रज्ञान’ला सहा चाकं कशी चालली? तिथे तर हात लावायलाही कुणी नाही! मंगळावर ‘स्पिरिट’ नावाची गाडी 2009 मध्ये मऊ मातीत रुतली, ती पुन्हा निघालीच नाही.

युक्ती सांध्यांत आहे. प्रज्ञानच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब दांडा असतो, त्याला रॉकर म्हणतात. त्याच्या एका टोकाला एक चाक. दुसऱ्या टोकाला सी-सॉसारखा हलणारा छोटा दांडा, म्हणजे बोगी, आणि बोगीच्या दोन टोकांना दोन चाकं. आपण रेल्वेच्या डब्यालाच बोगी म्हणतो, पण मूळ बोगी म्हणजे डब्याखालची फिरती चाकांची चौकट. एक चाक दगडावर चढलं की दांडे आपापल्या सांध्यात फिरतात आणि बाकीची पाच चाकं जमिनीवरच राहतात. स्प्रिंग एकही नाही.

दोन्ही रॉकर गाडीच्या धडाशी अशा रीतीने जोडलेले असतात की धड दोघांची सरासरी घेतं. डावा रॉकर 20 अंश कलला आणि उजवा सपाट राहिला, तर धड 10 अंशच कलतं. कॅमेरे त्यामुळे फार हलत नाहीत.

तरी एक हिशेब उरतोच. सपाटीवरचं चाक 4 सेंटिमीटर पुढे जातं, तेवढ्यात उतारावरचं चाक 3 सेंटिमीटर वरही चढलं, तर त्याची वाट 5 सेंटिमीटर होते. शाळेतला पायथागोरसच! सगळी चाकं एकाच वेगाने फिरवली तर एखादं घसरणार. प्रज्ञानच्या प्रत्येक चाकाला म्हणूनच स्वतंत्र मोटर आहे.

एवढं असूनही 27 ऑगस्टला समोर 3 मीटरवर 4 मीटर रुंद विवर दिसलं, तेव्हा प्रज्ञानला मागे फिरवलं गेलं. सांधे कितीही चांगले असले तरी कोणत्या खड्ड्यात उतरायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं. बंडीवाल्याला ते रोजच ठरवावं लागतं.

घरातलं स्टूल डुगडुगत असेल तर पायाखाली कागदाची घडी घालण्याआधी मुलांना जरा हलवून बघू द्या. पुढच्या अंकात भेटूच.