‘सर्वानुमते मंजूर’ : पण कोणाच्या मताने?

जिल्हा परिषद म्हटली की आपल्या कार्यकर्त्यांना अध्यक्षपद दिसते, उपाध्यक्षपद दिसते, फार झाले तर बांधकाम सभापतीची गाडी दिसते. समाजकल्याण समितीची सभा कोणालाच दिसत नाही. ही सभा दुपारी भरते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते, विषयपत्रिकेवरचे आठ-दहा विषय पुकारले जातात, शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ येतात, चहा होतो आणि सदस्य आपापल्या तालुक्याच्या गाड्या पकडतात. वर्तमानपत्रात तिची ओळसुद्धा छापून येत नाही. पण आपल्या वस्तीतली गटार होणार की नाही, दिव्याचा खांब कोणत्या गल्लीत लागणार, एखाद्या विधवा भगिनीला शिलाई मशीन मिळणार की सरपंचाच्या मर्जीतल्या माणसाला मिळणार, याचा निकाल याच कंटाळवाण्या सभेत लागतो.

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ साली झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर हा डोलारा उभा राहिला. स्थायी समिती आणि तिच्या जोडीला अर्थ, बांधकाम, शिक्षण, आरोग्य, कृषी, पशुसंवर्धन, समाजकल्याण, महिला व बालकल्याण अशा विषय समित्या. समाजकल्याणचा सभापती मागासवर्गीयच असावा, अशी तरतूद आहे. प्रस्थापितांनी या तरतुदीचा अर्थ आपल्या सोयीने लावून घेतला आहे. बांधकाम आणि अर्थ आमच्याकडे, समाजकल्याण तुमच्याकडे. वाटणी झाली, सामाजिक न्यायही झाला! सभापतीला दालन मिळते, फलक मिळतो, आणि समितीचा सचिव असलेला समाजकल्याण अधिकारी सांगेल तिथे सही करण्याचे स्वातंत्र्य मिळते.

आता पैशाकडे वळू. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला, म्हणजे बोलीभाषेत सेस फंडातला, २० टक्के वाटा मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायचा असतो. ग्रामपंचायतीसाठी हेच प्रमाण १५ टक्के आहे. ही खैरात नाही, शासनाने घालून दिलेले बंधन आहे. या पैशातून शिलाई मशीन, पिठाची गिरणी, सायकल, फवारणी पंप, ताडपत्री अशा वस्तू दिल्या जातात. लाभार्थ्यांची यादी समितीपुढे येते. ती किती वेळ चर्चेला असते हे कोणत्याही सदस्याला खासगीत विचारून पाहा. प्रत्येक सदस्याने आपल्या गटातली नावे चिठ्ठीवर लिहून दिलेली असतात, चिठ्ठ्या एकत्र टाचल्या की यादी झाली.

त्यातच डिसेंबर २०१६ मध्ये शासनाने धोरण बदलले. वस्तू वाटायची नाही, लाभार्थ्याने बाजारातून स्वतः घ्यायची, पावती जोडायची आणि मग अनुदान बँक खात्यात जमा होईल. ठेकेदाराच्या निकृष्ट मालाला आळा बसावा हा हेतू चांगलाच होता. पण ज्या मजुराच्या हातात आठवड्याच्या बाजाराइतके पैसे नसतात, त्याने गिरणीची पूर्ण किंमत आधी कुठून आणायची? तो सावकाराकडे जातो किंवा लाभ सोडून देतो. सोडलेल्या जागेवर प्रतीक्षा यादीतला दुसरा येतो, आणि तो बहुधा पैसेवाला असतो. हा प्रश्न समितीच्या इतिवृत्तात येणे हे सदस्याचे खरे काम. एका ठरावाने शासनाचे धोरण बदलत नाही हे खरे, पण पंचवीस जिल्ह्यांतून तसे ठराव मंत्रालयात गेले असते तर कोणाला तरी उत्तर द्यावे लागले असते.

वस्ती विकासाच्या योजनेत रक्कम मोठी, म्हणून लबाडीही मोठी. ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्तीचा विकास’ असे तिचे नाव. (धम्मदीक्षेला इतकी वर्षे झाली तरी शासनाच्या कागदात आपण अजून ‘नव’च आहोत!) वस्तीची लोकसंख्या धरून अनुदान ठरते, पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो, ग्रामपंचायतीचा ठराव गटविकास अधिकाऱ्यामार्फत जिल्हा परिषदेत येतो, मग प्रशासकीय मान्यता. कागदावर साखळी पक्की आहे. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात बौद्ध वस्तीच्या नावाने मंजूर झालेला सिमेंट रस्ता गावच्या मुख्य पेठेत झाला होता. माहिती अधिकारात इतिवृत्ताची प्रत काढली. विषयात वस्तीचे नाव होते, ठरावात मात्र ‘गावांतर्गत रस्ता’ एवढेच शब्द, आणि खाली ‘सर्वानुमते मंजूर’. त्या सर्वांमध्ये आपल्या समाजाचे सदस्यही हजर होते. त्यांनी सह्या केल्या होत्या. त्यांनी पैसे खाल्ले असतील असे मला वाटत नाही, त्यांनी वाचलेच नव्हते.

ठराव म्हणजे काय, हे आंबेडकरी माणसाला कोणी शिकवायला नको. १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात पडून राहिला, तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. पुढे काय झाले? ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बाबासाहेबांनी तेवढ्यावर सोडले नाही. कोर्टकज्जा चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. सभागृहातला ठराव, रस्त्यावरचा संघर्ष आणि न्यायालयातला दावा या तिन्ही गोष्टी बाबासाहेबांनी एकाच वेळी सांभाळल्या. आपण मधली तेवढी उचलली. १९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना अस्पृश्यांना प्रतिनिधित्व हवेच असा आग्रह त्यांनी धरला, त्याचे कारणही हेच होते. गावाच्या हाती सत्ता देताना त्या सत्तेपुढे बसून प्रश्न विचारणारा आपला माणूस हवा.

आणि प्रश्न विचारण्याची ती खुर्चीच काही वर्षे काढून घेतली गेली. राज्यातल्या २५ जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तीही २० मार्चला! त्यानंतर तिथे प्रशासक आले. ओबीसी आरक्षणाचा वाद, गटांची संख्या, प्रभागरचना, कारणे पुष्कळ दिली गेली. राज्यघटनेचे कलम २४३-ई मात्र स्पष्ट सांगते की पंचायतीची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावावे लागले. तीही मुदत हुकली आणि ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून घ्यावी लागली.

या काळात समाजकल्याण समितीचे अधिकार कोणाकडे होते? मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे. त्याच्याच खात्याने प्रस्ताव मांडायचा, त्यानेच प्रशासक म्हणून मंजूर करायचा आणि त्याच्याच यंत्रणेने खर्च करायचा. काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, बरेच झाले, पुढाऱ्यांची टक्केवारी बंद झाली. काही ठिकाणी झालीही असेल, चांगले अधिकारी असतात. पण अधिकारी चांगला की वाईट यावर वस्तीचा हक्क अवलंबून ठेवायचा असेल तर संविधानाची गरजच काय होती? कलेक्टरसाहेब इंग्रजांच्या काळीही चांगले निघत.

या प्रशासकराजविरुद्ध आपल्या किती संघटनांनी निवेदन दिले? तिकिटासाठी मात्र रांगा लागल्या. शिवाय जिल्हा परिषदेला मिळालेला शासकीय निधी दोन आर्थिक वर्षांत खर्च करता येतो, उरलेला परत जातो. त्या वर्षांत कोणत्या तालुक्यातला किती पैसा परत गेला, याचा हिशेब मागणारी सभाच नव्हती. स्थानिक निधी लेखापरीक्षा होते, विधिमंडळाची पंचायती राज समिती कधीतरी दौऱ्यावर येते, पण तोवर वर्षे उलटलेली असतात आणि अधिकाऱ्याची बदली झालेली असते.

तेव्हा सभागृह जिथे भरेल तिथे आपल्या सदस्याचा सत्कार करण्यापूर्वी त्याच्या हातात विषयपत्रिका द्या. प्रत्येक तालुक्यात दोन शिकलेली मुले नेमा, एक वाणिज्य शाखेचा आणि एक कायद्याचा. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार समितीच्या सभा लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त पाहता येते का, हे कार्यालयाने आपणहून जाहीर करायचे असते. अनुदान कोणाला दिले त्याचा तपशीलही त्याच कलमात येतो. नसेल केले तर कलम ६ खाली अर्ज करा, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाही. मागायचे एवढेच : मार्च २०२२ पासून आजपर्यंत समाजकल्याण समितीच्या अधिकारात प्रशासकाने घेतलेले सर्व ठराव, सेसच्या २० टक्क्यांचा वर्षवार जमाखर्च, लाभार्थ्यांच्या गावनिहाय याद्या, आणि वस्ती विकासाच्या प्रत्येक कामाचे नेमके ठिकाण. ठिकाण मिळाले की कागद हातात घेऊन त्या गल्लीत जाऊन उभे राहा. रस्ता आहे का ते पाहा.